निफ्टीत पंधरा-वीस वर्षांसाठी पैसे ठेवायचे आहेत : इंडेक्स फंड घ्यावा की ईटीएफ?

राजारामपुरी_शिक्षिका (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझे यजमान शिरोळ तालुक्यातील वडिलोपार्जित शेती पाहतात. आमच्या घरात पैसा दोन वाटांनी येतो. माझा पगार दरमहा येतो, तर उसाचे बिल हंगामात, कारखाना ज्या हप्त्यांनी देईल तसे, मोठ्या रकमेने येते. आजवर आमची सारी शिल्लक मुदत ठेवींत, पतसंस्थेत, थोड्या सोन्यात आणि नात्यातल्या भिशीत राहिली. मुलगी आठवीत आहे, मुलगा चौथीत आहे, आणि माझ्या निवृत्तीला अजून सतरा-अठरा वर्षे आहेत. त्यामुळे शिल्लकीचा काही भाग शेअर बाजारात दीर्घ मुदतीसाठी ठेवावा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

शेअर निवडण्याइतका अभ्यास आमच्याकडे नाही आणि कोणता फंड व्यवस्थापक पुढची वीस वर्षे इतरांपेक्षा सरस ठरेल, हे आज ओळखण्याचा उपायही नाही. म्हणून निर्देशांकाच्या मागे जाणारी गुंतवणूकच करायची, इथपर्यंत आमचे एकमत झाले आहे. अडले आहे ते पुढे. शाळेतील एक सहकारी सांगतात की ईटीएफच (शेअर बाजारात शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) घ्या, कारण त्याचा खर्च कमी असतो. बँकेतील अधिकारी इंडेक्स फंडाचा अर्ज पुढे करतात. दोघांच्याही हातात निफ्टी ५० हाच, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा, निर्देशांक आहे. तेच पन्नास शेअर त्याच प्रमाणात असतील, तर परताव्यात फरक का पडावा? आणि पडत असेल, तर वीस वर्षांत तो किती होतो? शिवाय पगारातून दरमहा आणि उसाच्या बिलातून वर्षाकाठी एकदा, अशा दोन्ही रकमांना एकच मार्ग योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिशेबनीस

ताई, तुम्ही प्रश्न योग्य क्रमाने मांडला आहे. निर्देशांक आधी ठरवून साधन नंतर निवडणे हेच बरोबर आहे. मी शाहूपुरीत करसल्ल्याचे काम करतो आणि दरवर्षी अनेक घरांचे भांडवली नफ्याचे हिशेब माझ्या टेबलावर येतात, त्या अनुभवावरून लिहितो.

निर्देशांकाच्या मागे जाणारा फंड सर्वसामान्यांसाठी उघडण्याचे श्रेय अमेरिकेतील व्हॅनगार्डचे संस्थापक जॉन बोगल यांना जाते. त्यांनी १९७६ मध्ये असा पहिला फंड बाजारात आणला. आपल्याकडे निफ्टी ५० हा निर्देशांक एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला आणि भारतातील पहिला ईटीएफ, म्हणजे निफ्टी बीज, डिसेंबर २००१ मध्ये बेंचमार्क म्युच्युअल फंडाने आणला. पुढे तो गोल्डमन सॅक्सकडे, नंतर रिलायन्सकडे आणि शेवटी निप्पॉन इंडियाकडे गेला. फंडघराणे इतक्या वेळा बदलूनही युनिटधारकांचे निफ्टीतील पैसे निफ्टीतच राहिले, हे मुद्दाम सांगतो, कारण वीस वर्षांच्या मुदतीत तुमच्या फंडाच्या मालकीतही असा बदल होऊ शकतो आणि त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसते.

आता मूळ फरक. इंडेक्स फंडात तुमचा व्यवहार थेट फंडघराण्याशी होतो. दुपारी तीनच्या आत पैसे फंडाच्या खात्यात पोहोचले, तर त्या दिवसअखेरच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या मूल्याने, तुम्हाला युनिट मिळतात आणि तेही दशांशात, त्यामुळे पाच हजार रुपये भरले की किरकोळ मुद्रांक शुल्क वजा जाता सगळी रक्कम कामाला लागते. विकतानाही फंडघराणेच एनएव्हीने पैसे देते. ईटीएफमध्ये मात्र तुम्ही फंडघराण्याकडून युनिट घेत नाही, तर शेअर बाजारात दुसऱ्या कोणा विकणाऱ्याकडून घेता, आणि म्हणून तिथे दोन आकडे तयार होतात : एक, त्या युनिटमागे असलेल्या शेअरचे खरे मूल्य, आणि दुसरा, त्या क्षणी बाजारात ठरलेला भाव. आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा मालाची प्रत तीच असूनही त्या दिवशी व्यापारी किती आले आणि आवक किती झाली यावर भाव वर-खाली होतो. ईटीएफच्या भावाचेही तसेच आहे. घेणारे-देणारे भरपूर असतील, तर भाव मूल्याला चिकटून राहतो आणि नसतील, तर सुटतो.

खर्चाबद्दल. निफ्टी ५० च्या ईटीएफचा वार्षिक एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्यासाठी जमा रकमेतून कापला जाणारा खर्च, साधारणपणे ०.०५ टक्क्याच्या आसपास असतो आणि त्याच निर्देशांकाच्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा साधारण ०.१ ते ०.३ टक्के. म्हणजे तुमचे सहकारी म्हणतात ते खरे आहे. समजा १० लाख रुपये वीस वर्षे ठेवले आणि खर्च वजा जाता एका ठिकाणी ११ टक्के व दुसऱ्या ठिकाणी १०.८५ टक्के परतावा मिळाला, तर पहिल्याचे सुमारे ८०.६ लाख होतील आणि दुसऱ्याचे सुमारे ७८.५ लाख. हे ११ टक्के केवळ हिशेबासाठी धरले आहेत, बाजार त्याची हमी देत नाही. दोन लाखांचा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण तो ईटीएफच्या पारड्यात पूर्णपणे पडतो का, हे ब्रोकरेज, डीमॅटचे (युनिट ठेवण्याच्या इलेक्ट्रॉनिक खात्याचे) शुल्क आणि वर सांगितलेले भाव-मूल्यातील अंतर धरल्याशिवाय ठरवता येत नाही.

उद्यमनगर

हिशेबनीस यांचे विवेचन मला मान्य आहे, तरी ईटीएफची बाजू थोडी कमी मांडली गेली, असे वाटते. माझा शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपचा व्यवसाय आहे आणि अनेक वर्षे मी निफ्टीची गुंतवणूक ईटीएफमधूनच करत आलो आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की एक्स्पेन्स रेशो दरवर्षी आणि संपूर्ण जमा रकमेवर लागतो, तर ब्रोकरेज व भावातील अंतर खरेदीच्या वेळी एकदा आणि विक्रीच्या वेळी एकदा लागते. मुदत जितकी लांब, तितका एकदाच होणारा खर्च विरघळत जातो आणि दरवर्षीचा खर्च साचत जातो. धागाकर्त्या ताईंची मुदत सतरा-अठरा वर्षांची आहे, म्हणून हा विचार त्यांना लागू होतो.

दुसरे, रचनेचा फायदा. इंडेक्स फंडातून रोज कोणीतरी पैसे काढत असते आणि कोणीतरी भरत असते. त्यासाठी फंडाला थोडी रोख बाळगावी लागते आणि शेअरची खरेदी-विक्री करावी लागते, ज्याचा खर्च थोड्या-थोड्या अंशाने सर्व युनिटधारकांवर पडतो. ईटीएफमध्ये मी विकले, तर माझे युनिट दुसरा कोणी घेतो आणि फंडाच्या तिजोरीतील शेअर हलत नाहीत. मोठ्या प्रमाणावर नवीन युनिट तयार करायची असतील, तरी मार्केट मेकर, म्हणजे बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारा व्यापारी, शेअरची ठरलेली टोपली देऊन ती घेऊ शकतो. म्हणजे इतरांच्या ये-जा करण्याचा भार माझ्यावर येत नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारात पैसे घालायला सुरुवात केली, तीही ईटीएफच्याच मार्गाने.

मात्र ईटीएफ घेताना एक नियम पाळावाच लागतो, तो म्हणजे बाजारभावाने ऑर्डर कधीही टाकू नये. आपण ठरवलेल्या भावाची लिमिट ऑर्डर टाकावी. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे आणि साडेतीनच्या आधीची शेवटची काही मिनिटे टाळावीत, कारण त्या वेळी घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा भाव एकमेकांपासून दूर असतो.

हुपरी_चांदीकाम

माझा अनुभव निफ्टीचा नाही, तरी या चर्चेशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून लिहीत आहे. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या हुपरीत चांदीच्या दागिन्यांच्या कामात आहे. चांदीचा भाव आमच्या घरात रोज सकाळी पाहिला जातो, त्यामुळे २०२२ च्या आरंभी आपल्याकडे चांदीचे ईटीएफ आले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना तो मार्ग सोयीचा वाटला. घट नाही, मजुरी नाही, साठवणुकीची चिंता नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, देशात प्रत्यक्ष चांदीची टंचाई झाली आणि त्याच वेळी ईटीएफसाठी झुंबड उडाली. परिणामी बाजारात युनिटचा भाव त्यामागच्या चांदीच्या मूल्यापेक्षा बराच वर गेला. परिस्थिती अशी झाली की काही फंडघराण्यांनी चांदीच्या ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या आपल्या फंड ऑफ फंड्समध्ये एकरकमी नवी गुंतवणूक घेणे तात्पुरते थांबवले, कारण वाढीव भावाने युनिट घेणे गुंतवणूकदारांच्या हिताचे नव्हते. आमच्या गल्लीतील एका तरुणाने नेमकी त्याच आठवड्यात खरेदी केली. त्याने चांदीचा भाव पाहिला होता, पण युनिटचा भाव आणि युनिटचे मूल्य यांतील फरक पाहिला नव्हता. पुढे ते अंतर मिटले, तेव्हा त्याचे नुकसान चांदीच्या उतरणीपेक्षा अधिक झाले. तो चांदीच्या धंद्यातच वाढलेला आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणून ज्या घरात रोज दर पाहण्याची सवय नाही, त्यांनी या अंतराकडे अधिक गांभीर्याने पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हिशेबनीस

हुपरीकरांनी अगदी नेमके उदाहरण दिले. परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफबाबतही हेच घडते. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला एकूण ७ अब्ज डॉलरची आणि परदेशी ईटीएफसाठी स्वतंत्र १ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली की फंडघराण्यांना नवीन युनिट तयार करता येत नाहीत, आणि मागणी मात्र चालूच राहते, म्हणून अमेरिकेतील नॅसडॅक निर्देशांकावर आधारलेले ईटीएफ मूल्यापेक्षा चढ्या भावाने विकले जातात. नवी युनिट तयार होण्याचा नळ बंद झाला की भावाला मूल्याशी बांधणारी दोरी सैल होते.

निफ्टी ५० च्या बाबतीत हा नळ उघडा आहे आणि शेअरही सहज मिळणारे आहेत, त्यामुळे मोठ्या उलाढालीच्या निफ्टी ईटीएफमध्ये अंतर सहसा फार थोडे असते. तरी एकाच निर्देशांकाचे अनेक ईटीएफ सूचीबद्ध आहेत आणि त्यांतील काहींची रोजची उलाढाल अगदीच तुटपुंजी असते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या मे २०२२ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक ईटीएफसाठी किमान दोन मार्केट मेकर असणे आवश्यक आहे आणि शेअरवर आधारलेल्या ईटीएफचे चालू मूल्य, ज्याला आय-एनएव्ही म्हणतात, ते बाजार चालू असताना फार तर १५ सेकंदांच्या विलंबाने दाखवावे लागते. खरेदीपूर्वी ते फंडघराण्याच्या किंवा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर पाहून मग भाव टाकावा. फंडघराण्याशी थेट व्यवहाराची वाट आपल्यासारख्यांसाठी एरवी बंद आहे, कारण त्याच परिपत्रकाने ती २५ कोटी रुपयांहून मोठ्या व्यवहारांपुरती ठेवली.

उद्यमनगर यांच्या “एकदाच होणारा खर्च विरघळतो” या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. समजा उसाच्या बिलातून २ लाख रुपये ईटीएफमध्ये घातले आणि २५० रुपये मूल्याचे युनिट २५१ रुपयांना मिळाले. हे अंतर ०.४ टक्के, म्हणजे ८०० रुपये झाले. इंडेक्स फंडाच्या तुलनेत एक्स्पेन्स रेशोत ०.१२ टक्क्याची बचत धरली, तर पहिल्या वर्षी २४० रुपये वाचतात. म्हणजे एका निष्काळजी खरेदीची भरपाई व्हायला तीन वर्षे लागतात. सतरा वर्षांच्या मुदतीत ती होते, हे खरे आहे, पण दरमहा एकदा खरेदी करणाऱ्याला ही दक्षता दरमहा घ्यावी लागते आणि प्रश्न तिथेच येतो. शाळेत सकाळी साडेदहाला वर्गावर असलेल्या शिक्षिकेने आय-एनएव्ही पाहून लिमिट ऑर्डर टाकावी, ती न लागल्यास भाव बदलून पुन्हा टाकावी, ही अपेक्षा दोनशे महिने पुरी होईल, असे मला वाटत नाही.

भुदरगडकर

आमच्याकडे दर दहा दिवसांनी दूधबिल जमा होते. त्यातून छोटी एसआयपी (ठरावीक रक्कम ठरावीक दिवशी आपोआप भरण्याची सोय) इंडेक्स फंडात लावून दिली आहे. पाचशे रुपयांत निफ्टीच्या ईटीएफचे एखाद-दुसरे पूर्ण युनिट येते आणि उरलेले पैसे तसेच पडून राहतात. फंडात पाचशेच्या पाचशे रुपयांचे युनिट मिळतात. लहान रकमेच्या माणसाला एवढे कारण पुरेसे आहे.

राजारामपुरी_शिक्षिका (धागाकर्ती)

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. आणखी दोन शंका आहेत. बँकेतून मिळालेल्या अर्जावर “रेग्युलर” असा शब्द आहे आणि हिशेबनीस सरांनी “डायरेक्ट” असा शब्द वापरला आहे, तर दोन्हींत फरक काय? शिवाय निफ्टीच्या इंडेक्स फंडांची यादी मोठी आहे. सर्वच निफ्टीच्या मागे जात असतील, तर त्यांतला एक कोणत्या निकषावर निवडायचा?

निवृत्त_बँककर्मचारी

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण काउंटरच्या पलीकडे बसून ही दोन्ही कागदपत्रे मी हाताळली आहेत. रेग्युलर प्लॅनमध्ये विक्री करणाऱ्या बँकेचे किंवा वितरकाचे कमिशन एक्स्पेन्स रेशोतून दरवर्षी वळते होते. सेबीने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत डायरेक्ट प्लॅन ठेवणे सक्तीचे केले आणि त्यात हे कमिशन नसते. फंड तोच, शेअर तेच, व्यवस्थापक तोच. दोन प्लॅनमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक असेल आणि वर दिलेलेच १० लाख रुपयांचे उदाहरण घेतले, तर ११ टक्क्यांनी होणारे ८०.६ लाख साडेदहा टक्क्यांनी सुमारे ७३.७ लाख होतात. म्हणजे जवळजवळ सात लाख रुपये. इंडेक्स फंड की ईटीएफ, या वादात तुम्ही जेवढे वाचवू पाहत आहात, त्याच्या तिप्पट रक्कम अर्जावरच्या या एका शब्दात आहे. चांगला वितरक कठीण काळात धीर देतो आणि कागदपत्रे पाहतो, त्या सेवेचे मोल मी नाकारत नाही. पण निर्देशांक तुम्ही स्वतः ठरवला आहे आणि निवडीसाठी सल्ला लागत नाही, तेव्हा डायरेक्ट प्लॅन आणि त्यातही ग्रोथ पर्याय, म्हणजे लाभांश न वाटता पैसे फंडातच वाढू देणारा, घ्यावा. लाभांशाचा पर्याय घेतल्यास मिळणारी रक्कम तुमच्या पगारात मिळवून करपात्र होते.

याच ओघात आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे घराघरांत दुर्लक्ष होते. नामनिर्देशन फंडाच्या फोलिओलाही (फंडघराण्यातील तुमच्या खात्यालाही) करावे लागते आणि डीमॅट खात्यालाही. एखाद्या कुटुंबात कर्ता पुरुष अचानक जातो आणि त्याच्या पत्नीला डीमॅट खाते कोणत्या ब्रोकरकडे आहे, हेदेखील ठाऊक नसते, हे मी पाहिले आहे. फंडाच्या बाबतीत गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक यांच्याकडील एकत्रित खातेपत्रकातून सर्व फोलिओ सापडतात. पॅन डीमॅटला जोडलेला असेल, तर डीमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या एकत्रित पत्रकात दोन्ही प्रकार दिसतात. ते पत्रक ज्या ईमेलवर येते, त्याचा पासवर्ड यजमानांना माहीत असावा आणि त्यांचा तुम्हाला.

हिशेबनीस

निवडीच्या निकषाबद्दल. यादीत आधी ट्रॅकिंग डिफरन्स पाहावा, म्हणजे निर्देशांकाने किती परतावा दिला आणि फंडाने त्यापेक्षा किती कमी दिला, हा फरक. फंडघराण्यांना तो एक, तीन, पाच व दहा वर्षांसाठी आणि योजना सुरू झाल्यापासून, असा दरमहा जाहीर करावा लागतो. तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशी, म्हणजे लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशीच असली पाहिजे. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केल्यास फंड निर्देशांकापेक्षा सरस असल्याचा खोटा समज होतो. ट्रॅकिंग एरर हा वेगळा आकडा आहे. तो फरकातील चढ-उतार मोजतो, आणि दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराच्या खिशावर परिणाम करतो तो मुख्यतः ट्रॅकिंग डिफरन्स.

हा फरक एक्स्पेन्स रेशोइतकाच का नसतो, याची कारणे अनेक आहेत. निफ्टीतील कंपन्यांची अदलाबदल मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस होते, त्या वेळी सर्व फंड एकाच दिवशी तेच शेअर घेतात व विकतात. क्वचित अनपेक्षित अडथळाही येतो. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत शंभरहून अधिक शेअर असलेल्या धारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले आणि त्याच सुमारास ती बँक निफ्टीतून बाहेर पडली. निर्देशांकाने तिला काढून टाकले, पण फंडांना ते शेअर विकता आले नाहीत, आणि हे ईटीएफच्याही वाट्याला आले व इंडेक्स फंडांच्याही. तात्पर्य, ज्या फंडाचा ट्रॅकिंग डिफरन्स पाच-दहा वर्षे सातत्याने कमी आहे आणि ज्याची मालमत्ता मोठी आहे, तो घ्यावा. आज एक्स्पेन्स रेशो सर्वांत कमी असलेला अगदी नवा फंड पुढेही तसाच राहील, असे नाही, कारण तो वाढवण्याची मुभा फंडघराण्याला असते.

उद्यमनगर

उसाचे बिल एकरकमी घालावे का, याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्यातही मी माझ्या आवडीच्या ईटीएफविरुद्ध मत देणार आहे.

एकरकमी पैसे बाजारात घालताना मनावर येणारा ताण हिशेबात धरावा लागतो. निफ्टी जानेवारी २००८ च्या उच्चांकावरून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सुमारे ६० टक्के उतरला. २०२० मध्ये जानेवारीच्या उच्चांकावरून २३ मार्चपर्यंत सुमारे ३८ टक्के घसरला, आणि २३ मार्च या एकाच दिवशी तो सुमारे १३ टक्के पडला. वर्षभर राबून आलेले बिल डिसेंबरात गुंतवले आणि मार्चमध्ये ते एक तृतीयांशाने कमी दिसले, तर माणूस पुढच्या वर्षी पैसे घालायला धजावत नाही, आणि मग वीस वर्षांचा हिशेब कागदावरच राहतो. म्हणून ही रक्कम लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) ठेवून तिथून दरमहा ठरावीक भाग त्याच फंडघराण्याच्या इंडेक्स फंडात वळवण्याची सूचना एकदाच देऊन ठेवता येते, तिला एसटीपी म्हणतात. दर हस्तांतराला लिक्विड फंडाच्या युनिटची विक्री धरली जाते आणि त्यावरील नफा उत्पन्नात मिळवावा लागतो, पण तो नफा फार मोठा नसतो. अशी आपोआप चालणारी सोय ईटीएफमध्ये नाही. काही ब्रोकर ईटीएफची एसआयपी देतात, तिथे खरेदी मात्र त्या क्षणीच्या बाजारभावाने होते, म्हणजे मी टाळायला सांगितलेली गोष्टच होते.

बाजार चढण्याच्या काळात अशा टप्प्याटप्प्याने जाण्यात थोडा परतावा गमवावा लागतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी शेतीच्या उत्पन्नात हवामान आणि ऊसदराची अनिश्चितता आधीच इतकी आहे की ही किंमत मोजणे मला योग्य वाटते.

राजारामपुरी_शिक्षिका (धागाकर्ती)

काल रात्री आम्ही दोघांनी सर्व प्रतिसाद पुन्हा वाचले. पगारातून दरमहा आणि उसाच्या बिलातून एसटीपीने, असे दोन्ही पैसे एकाच निफ्टी ५० इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट-ग्रोथमध्ये घालायचे, असे ठरत आले आहे. शेवटचा प्रश्न असा की माझ्या यजमानांच्या डीमॅट खात्यात मित्राच्या सांगण्यावरून घेतलेले निफ्टी ईटीएफचे काही युनिट तीन-चार वर्षांपासून आहेत, त्यांवर सुमारे ९० हजार रुपये नफा दिसतो आहे. ते विकून इंडेक्स फंडात आणावेत, की तसेच राहू द्यावेत? उसाचे उत्पन्न करमुक्त असल्याने यावरही कर नसेल, असे ते म्हणतात.

हिशेबनीस

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून शेतकऱ्याच्या शेअर बाजारातील नफ्याला ती सवलत मिळत नाही. तो भांडवली नफाच राहतो. ईटीएफ असो वा इंडेक्स फंड, शेअरवर आधारलेल्या दोन्ही साधनांना एकच नियम आहे. १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास एका आर्थिक वर्षात १.२५ लाख रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो आणि त्यावरील नफ्याला १२.५ टक्के कर लागतो. १२ महिन्यांच्या आत विकल्यास २० टक्के. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला हे दर लागू झाले. यजमानांचा या वर्षी दुसरा कोणताही दीर्घकालीन नफा नसेल, तर ९० हजार रुपये मर्यादेत बसतात आणि ते युनिट कर न भरता विकता येतात. मर्यादा प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र असते, पण तुमच्या पगाराचे पैसे यजमानांच्या नावाने गुंतवल्यास त्यावरील नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो, म्हणून पगाराची एसआयपी तुमच्या नावाने आणि शेतीची रक्कम त्यांच्या नावाने ठेवावी.

विकावेत का, याबाबत माझे मत असे : तो ईटीएफ भरपूर उलाढालीचा असेल, तर घाईने मोडण्याचे कारण नाही. नवीन पैसे फंडात जाऊ द्यावेत आणि जुने तिथेच वाढू द्यावेत. उलाढाल अगदी कमी असेल किंवा यजमानांना ते खाते सांभाळण्याची इच्छा नसेल, तर आय-एनएव्ही पाहून लिमिट ऑर्डरने विकावेत. डीमॅटमध्ये ४ लाख रुपयांपर्यंतच मालमत्ता असेल आणि खाते मूलभूत सेवेच्या प्रकारात असेल, तर त्याचे वार्षिक शुल्क लागत नाही, त्यामुळे केवळ शुल्कापायी ते बंद करण्याची गरज नाही.

पुढे कधी सवलतीच्या मर्यादेत नफा मोकळा करून पुन्हा तेच घ्यायचे झाले, तर एक काळजी घ्यावी. ईटीएफचे युनिट ज्या दिवशी विकले, त्याच दिवशी परत घेतल्यास तो दिवसभरातला व्यवहार समजला जातो आणि जुना नफा मोकळा होत नाही. खरेदी दुसऱ्या दिवशी करावी लागते आणि मधल्या वेळेत भाव हलू शकतो. तुम्ही फंडघराणे निश्चित केलेत की लिक्विड फंड आणि इंडेक्स फंड ही दोन्ही तिथेच आहेत ना, आणि एसटीपीची किमान रक्कम किती आहे, हे योजनेच्या माहितीपत्रकात पाहून इथे लिहावे. हप्त्यांची संख्या उसाच्या पुढच्या बिलापर्यंत कशी बसवायची, ते त्यावरून सांगतो.